गंजी जाळणे ही खोडी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात मथळा होता, ‘खोडसाळपणातून कडब्याची गंजी पेटवली’. त्यातला पहिला शब्द मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी ३२ वर्षे न्यायालयात भाषांतरकार होतो. इंग्रजी कागदांत ‘मिस्चीफ’ हा शब्द सतत यायचा. शाळेत आपण त्याचा अर्थ खोडी, वात्रटपणा असा शिकतो. पण हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता अरिष्ट, वाईट शेवट. खट्याळपणाची छटा त्याला फार नंतर चिकटली. कायद्याने मात्र तो गंभीरच ठेवला. १८६० च्या दंड संहितेच्या कलम ४२५ मधली उदाहरणे मला अजून पाठ आहेत: दुसऱ्याचे नुकसान व्हावे म्हणून त्याची अंगठी नदीत फेकणे, त्याच्या बर्फघरात पाणी सोडून बर्फ वितळवणे. मराठी संहितेत या गुन्ह्याला ‘आगळीक’ म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो कलम ३२४ मध्ये आहे. साध्या आगळिकीची शिक्षा पूर्वी तीन महिन्यांपर्यंत होती, आता सहा महिन्यांपर्यंत आहे. आग लावून शेतमाल जाळला, तर सात वर्षांपर्यंत.

‘खोडसाळ’मध्ये दुष्टाव्याची छटा आहे, हे मान्य. पण कानाला आधी खोडीच ऐकू येते, आणि खोड्या बाळकृष्णाने काढाव्यात, यशोदेने रागवावे. मी सातवीत असताना आमची गंजी कोणीतरी जाळली. पंचनाम्याला आलेले लोकही ‘पोरांची खोडी असेल’ म्हणून चहा पिऊन गेले. चैत्र लागायच्या आत वडिलांनी दोन्ही बैल बाजारात नेले. परत येताना त्यांच्या हातात नुसती दावी होती. त्या दिवसापासून हा शब्द मला सहन होत नाही.

चीनने सीमेवर घुसखोरी केली की आपण ‘आगळीक’ छापता. तोच शब्द शेतकऱ्याच्या गंजीसाठी, रात्रीतून तोडलेल्या द्राक्षवेलींसाठी, विहिरीत ओतलेल्या औषधासाठीही वापरावा, ही विनंती. तो जड वाटत असेल, तर ‘गंजी जाळली’ एवढेच छापावे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार, सातारा