निवाऱ्यातली नोंदवही

महोदय,
थंडी पडली की बेघरांच्या निवाऱ्यांच्या बातम्या येतात. खाटा किती, ब्लँकेटे किती. नोंदवहीबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

एका निवाऱ्यात मी अधूनमधून जातो. तिथल्या वहीत रकाने चारच: नाव, गाव, वय, अंगठा. गेल्या वर्षी तिथले एक काका क्षयाची औषधे घेत होते. सहा महिन्यांचे उपचार, आणि मध्येच त्यांना दुसऱ्या निवाऱ्यात हलवले. तिथे ते पुन्हा 'नवीन'! गोळ्या कुठवर आल्या, हे सांगायला खिशात पावसात भिजलेला एक कागद, बस्स.

२०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली. आकडा निघाला १७ लाखांवर. त्या रात्री जो कुणाच्या नजरेला पडला नाही, तो हिशेबातही नाही. शहरात लाख लोकवस्तीमागे एक निवारा, हे गणितही लोकसंख्येवरचे, गरजेवरचे नव्हे.

लोक खरे नाव सांगायला कचरतात, यात नवल नाही. आपल्याकडे १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे. भीक मागताना दिसला तर पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. अशा वेळी टेबलावर उघडी पडलेली वही कोण चाळेल, याची धास्ती वाटणारच.

महापालिकांनी निदान औषधोपचाराचा एक रकाना आणि माणसाबरोबर जाणारे कार्ड सुरू करावे. आणि वही कपाटात, कुलपात ठेवावी.

– एक वाचक, पुणे