मातीत उमटलेलं अंग

ती. आई आणि आबा,
साष्टांग नमस्कार.

आबा, त्या दिवशी माझा चिखलातला प्रयोग चालू असताना तुम्ही अर्ध्यातून उठलात, बाहेर पायरीवर बसून राहिलात आणि संध्याकाळच्या लातूर गाडीनं निघून गेलात. नंतर आईनं फोनवर एवढंच विचारलं, "हे काय करलालीस गं? चित्र म्हणावं का नाटक?"

दोन्ही, आई. आणि मूर्तीसुद्धा. आधी काळ्या मातीत भुस्सा घालून पायांनी गारा तुडवला, जमिनीवर पसरला. त्यात आडवी झाले, उठले. मागं अंगाचा ठसा राहिला, त्यात प्लास्टर ओतलं, ती मूर्ती. मग गेरूत हात बुडवून, बसल्या जागेवरून पोचेल तिथवर भिंतीवर ओढत गेले. तू ओसरी सारवतेस तसंच ते. उकिडवं बसून मागं सरकायचं, पंजा फिरेल तेवढं अर्धवर्तुळ, त्याला लागून दुसरं. कॉलेजात मला रेषा शिकवली, पण अंगातून रेषा कशी निघते ते मी तुझ्याकडं आधी बघितलं होतं. अजिंठ्याच्या चित्रांखालीही मातीचाच गिलावा आहे, भाताचं तूस आणि गवताचे धागे घातलेला.

ही वाट जुनी आहे. जपानात काझुओ शिरागा 1955 साली टोकियोत चिखलाच्या ढिगात उतरून त्याच्याशी झोंबले होते; पुढं दोराला लोंबकळून पायांनी चित्रं काढायचे.

पण आबा, तुम्हाला हे सगळं सांगून उपयोग नाही, हे मला उशिरा कळलं. लेक चारचौघांत चिखलात लोळली म्हणून तुम्हाला राग आला, असं मी आठ दिवस धरून बसले. मग प्लास्टर सुकलं, ते पालथं करून बघितलं. गुडघे पोटाशी, एक हात डोक्यावर. आत्या अशीच सापडली होती ना?

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे चारही वाजले नव्हते. गणपती बोळवून माणसं गाढ झोपलेली. दगडमातीच्या रुंद भिंती, आणि वर माळवद, घर थंड राहावं म्हणून वर्षानुवर्षं चढवत नेलेली माती. भूकंपात ती सगळी अंगावर आली. किल्लारीकडच्या तिच्या घरात तुम्ही दोन दिवस हातांनी माती उपसलीत. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, पोळ्याचे मातीचे बैल करताना, माझ्याकडं न बघता. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

मी ठरवून तशी झोपले नव्हते, आबा. आडवी झाले आणि अंग तसं वळलं.

आना मेंडिएटा नावाची एक बाई होती, क्यूबात हवानाला 1948 साली जन्मलेली. बारा वर्षांची असताना तिला आईवडिलांपासून दूर अमेरिकेत धाडलं. पुढं 1973 पासून कितीतरी वर्षं ती चिखलात, गवतात, वाळूत आपल्या अंगाचा आकार उमटवत राहिली. बऱ्याच ठिकाणी ती स्वतः नाहीच, नुसता आकार आहे. तोही ऊनपावसानं गेला, फोटो उरले. मी ते फोटो पूर्वी सुंदर म्हणून बघायची. आता त्या रिकाम्या जागेपाशी नजर ठरत नाही, आणि तरी मला तेच काम करायचं आहे.

म्हणून विचारते. हुरड्याच्या दिवसांत मी गावाकडं येते, ते प्लास्टर घेऊन. मी झोपणार नाही. शेतातल्या आखाड्यावर ते मातीखाली ठेवायचं आणि वरची माती हातानं काढायची, सावकाश. ती कशी काढायची, बोटं कुठं थांबवायची, हे आपल्या घरात तुम्हालाच ठाऊक आहे. कॅमेरा नाही, बाहेरचं माणूस नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी ते पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवीन, पुन्हा विषय काढणार नाही.

आई, बांधाकडची माती दोन घमेली चाळून ठेवशील का? भुस्सा मी आणते.

तुमची लेक