केराचा आठवडा

स्टुटगार्ट (जर्मनी),
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

या आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकते आहे. तिच्यावर लिहिलंय ‘केरवोख’. यातल्या ‘केर’चा अर्थ झाडणं आणि ‘वोख’ म्हणजे आठवडा, त्यामुळे हा शब्द मला एका फटक्यात पाठ झाला. ज्याच्या दारावर पाटी, त्याने जिना पुसायचा, पुढचा फूटपाथ झाडायचा, गाडीच्या दिवशी डबे रस्त्याकडेला नेऊन ठेवायचे. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. ज्याने त्याने आपली घाण गावाबाहेर न्यावी, असं इथल्या १४९२ सालच्या नियमांत सापडतं. १९८८ मध्ये शहराने सक्ती उठवली, पण भाडेकरारात केरवोख अजून आहे. आमच्याही करारात आहे.

बाबा, गेल्या रविवारी तुम्ही सोसायटीच्या मीटिंगवरून चिडला होतात. “घरात चार डबे मांडायचे आणि शेवटी सगळं एकाच गाडीत जायचं, मग कशाला हा उपद्व्याप?” तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

इथे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी कोथिंबिरीच्या काड्या प्लास्टिकच्या पिशवीसकट तपकिरी डब्यात टाकल्या. तपकिरी डबा ओल्या कचऱ्याचा, त्याचं खत होतं. गाडीवाल्यांनी डबा उचललाच नाही. वर चिठ्ठी चिकटवली आणि गेले. अख्ख्या इमारतीचा डबा पुढच्या खेपेपर्यंत भरून तसाच. वरच्या मजल्यावरच्या आजी मला घेऊन खाली आल्या, हातमोजे घातले आणि माझी पिशवी स्वतः बाहेर काढली. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “कुणाला तरी काढावीच लागते.”

ते वाक्य ऐकून मला घर आठवलं. आई, तुला आठवतं का, बारावीच्या सुट्टीत माझ्या हातून काचेचा पेला फुटला होता? मी काचा केरसुणीने गोळा केल्या आणि तशाच डब्यात ओतल्या, वर भाजीची देठं. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या ताईंचा तळवा चिरला. तू हळद लावलीस, फडकं बांधलंस. मी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाही. ती काच माझी होती हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. आपल्याकडे सगळं एकत्र जात नाही. पार्किंगच्या मागच्या शेडमध्ये ताई बसून वेगळं करतात. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पत्रा, बाटल्या भंगारवाल्याला विकून त्यांचं घर चालतं. त्या ज्या ‘स्वच्छ’च्या सभासद आहेत, ती पुण्यात २००८ पासून चाललेली कचरावेचकांचीच सहकारी संस्था. त्याआधी १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली होती. आपण घरात जे वेगळं करत नाही, ते त्यांना हाताने करावं लागतं. आणि जे त्यांच्याही हातून सुटतं ते कचरा डेपोत जातं. त्या डेपोमुळे फुरसुंगीला आत्याच्या विहिरीचं पाणी कसं झालं, हे तुम्हीच मला दाखवलं होतंत.

इथलं सगळंच चोख आहे असं समजू नका. पिवळ्या पिशवीत आम्ही प्लास्टिकची वेष्टनं धुऊन घालतो, तरी त्यातलं बरंचसं शेवटी जळतंच. उरलासुरला कचरा नेकार नदीकाठच्या म्युन्स्टरच्या भट्टीत जातो, त्यावर वीज होते, घरं तापतात. पण मुळात वेष्टनंच इतकी, की काकडीलासुद्धा प्लास्टिक! आई, तुझी कापडी पिशवी आणि वाण्याकडे नेलेले डबे याच्यापेक्षा केव्हाही बरे. मला पटलेली गोष्ट वेगळी आहे. १९९१ च्या कायद्याने इथे कंपन्यांवर बंधन घातलं, की वेष्टन तुम्ही विकलंत, आता निस्तरण्याचा खर्चही तुम्हीच द्या. आपल्याकडे तो भार अजून ताईंच्या डोक्यावर आहे.

काचेचे डबे तीन : पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी बाटल्यांचे. निळी बाटली हिरव्यात जाते, कारण पांढऱ्या काचेत जरा रंग मिसळला तरी ती बिघडते, हिरवी सांभाळून घेते. रविवारी मात्र काच टाकायची नाही, आवाज होतो. त्यामुळे लोणच्याच्या बरण्या आज माझ्या पायाशीच आहेत.

पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, म्हणजे साधारण २५ रुपये. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला दिली की पैसे परत. स्टेशनवर म्हातारी माणसं कचऱ्याच्या पेटीत हात घालून अशा बाटल्या शोधताना दिसतात. या श्रीमंत शहरात! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. पण बरेच लोक बाटली पेटीत टाकत नाहीत, बाहेर खाली उभी करून ठेवतात, म्हणजे त्या माणसांना आत हात घालावा लागू नये. मीही तसंच करते.

तर आई, तू एवढं कर. फुटकी काच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून ताईंच्या हातात दे. वहिनीला सांग, पॅड कागदात बांधून वर लाल ठिपका काढायचा. दुधाच्या पिशव्या विसळून वाळवायच्या, म्हणजे त्यांना भाव मिळतो. बाबा, तुम्ही मीटिंगमध्ये चार डब्यांच्या बाजूने बोला. तुमचं लोक ऐकतात.

डिसेंबरात येताना ताईंसाठी काचेने चिरत नाहीत असे हातमोजे आणते आहे. दुकानात मापं बरीच आहेत. आई, ताई आल्या की त्यांचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ ओढ आणि फोटो पाठव. त्यांनी विचारलं कशाला, तर पेल्याची गोष्ट सांग. उरलेलं मी आल्यावर स्वतः बोलेन.

तुमची,
मनू