चांदणी लागलेली नोंद

सांगली,
१४ सप्टेंबर २०२५

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, माझंही आता फॉक्सप्रो होणार." म्हणजे याद्या सांभाळणाऱ्या माझ्या त्या जुन्या प्रोग्रामसारखी तूही मोडीत निघणार. मी हसलो, पण फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही. सहा वर्षं घासून हाताखाली आणलेलं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम ते एआयवालं टूल दुपारभरात उरकतं, ही तुझी धास्ती खोटी नाही. त्यावर माझ्याकडे उपायही नाही. पण फॉक्सप्रोचं नाव काढलंसच, तर इथे तीन महिने काय चाललंय ते ऐक. त्यात तुझाही एक हिशेब निघालाय.

वाचनालयाची यादी मी १९९५ साली संगणकावर घेतली. बँकेतून सहाला सुटायचं आणि साडेआठपर्यंत तिथल्या ३८६ संगणकासमोर बसायचं. विंडोजच्या आधीच्या डॉसवरचं फॉक्सप्रो २.६, आणि मराठी दिसावं म्हणून आत बसवलेलं सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. पडद्यावर पहिल्यांदा 'कुलकर्णी' उमटलं तेव्हा ग्रंथपाल खुर्ची सोडून जवळ आले, रफार नीट बसलाय का बघायला. पैसे मी कधी घेतले नाहीत. शनिवारी चहा-भजी असायची. 'सीक' हा शोधायचा हुकूम दिला की बोट उचलायच्या आत पुस्तक सापडायचं. तुमच्या पानांवरचं ते गोल गोल फिरणारं चक्र बघून मला अजून चीड येते, ती त्यामुळेच.

फॉक्स कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्येच घेतली होती. व्हिज्युअल फॉक्सप्रो आलं, मी नाक मुरडलं. २००७ मध्ये त्यांनी त्याचीही पुढची आवृत्ती निघणार नाही म्हणून सांगून टाकलं, तेव्हा मला थोडा आसुरी आनंदही झाला. आमचं डॉसवालं चालूच होतं ना! मध्ये ३८६ जाऊन पेंटियम मशीन आलं, जिस्ट कार्ड उचलून त्यात लावलं. ते पेंटियम यंदा जूनमध्ये कायमचं बसलं. नव्या मशीनवर ६४ बिटी विंडोज, त्यात डॉसचा प्रोग्राम उघडतच नाही. मी डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स टाकून चालवून दाखवला, पण त्यात जिस्ट कार्ड कुठून येणार? 'क'च्या जागी उभी रेघ, आणि अख्खे कुलकर्णी म्हणजे तुटक्या चौकटी नि काळे ठोकळे. कार्यवाह बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आहात तोवर तुम्ही वाचाल." त्यांना बोचायचं नव्हतं. मला बोचलं.

महिनाभर रुसून बसलो. तुझ्या आईने विचारलं, "वाचनालयावर रुसलात की मशीनवर?" जुलैत तू दिलेला जुना लॅपटॉप काढला आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. महिरपी कंस नाहीत, ओळ किती आत सरकली त्यावर अर्थ ठरतो. पहिले आठ दिवस नुसत्या शिव्या घातल्या. जुनी यादी आजच्या मशीनला वाचता येईल अशी करायची, काम तसं सरळ होतं. इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात क म्हणजे १७९, आजच्या युनिकोड संकेतात २३२५, असा एकेका अक्षराचा तक्ता करायचा. ('कुलकर्णी'ला इस्कीत ८ बाइट लागायचे, आता युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत २४. इतकी उधळपट्टी!) तुझ्या त्या एआयलाही विचारलं. त्याने तक्ता झटक्यात दिला, खोटं कशाला बोलू. फक्त त्यातून 'दऱ्याखोऱ्यांतून'चं 'दर्याखोर्यांतून' होऊन आलं. ते मला दिसलं, कारण तीस वर्षं ती यादी डोळ्यांखालून जातेय.

आता तुझा हिशेब. पुस्तकं ६,४१२ यायला हवी होती, आली ६,४३९. रात्रभर डोकं खाजवलं, मग उजेड पडला. फॉक्सप्रोत 'डिलीट' म्हटलं तरी नोंद जात नाही. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक बाइट मोकळा असतो, तिथे फक्त चांदणी (*) बसते, आणि चांदणीवाली नोंद दाखवू नकोस असं मीच प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं. खरोखर काढायची तर 'पॅक' द्यावं लागतं. ते मी तीस वर्षांत एकदाही दिलेलं नाही.

त्या सत्तावीसपैकी सव्वीस पुस्तकं २००५च्या पुरात भिजून गेलेली. सत्ताविसावं शिकारकथांचं, किंमत ४५ रुपये, १९९९ साली तुझ्या नावावर दिलेलं. तू सहावीत होतीस. पुस्तक एसटीत राहिलं म्हणत रडत घरी आलीस. हरवलं तर दुप्पट किंमत, हा नियम प्रोग्राममध्ये मीच लिहिलेला. त्या संध्याकाळी मी गुपचूप नोंदीला चांदणी लावली आणि घरी येऊन जेवलो.

गेल्या सोमवारी ९० रुपये भरले. पावतीत कारण काय घालू, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "तांत्रिक."

पावती सोबत जोडली आहे. पैसे यूपीआय करू नकोस, दिवाळीला येशील तेव्हा हातात दे.

तुझा,
बाबा

ता. क. : पुस्तक खरंच एसटीत राहिलं होतं ना?