ब्रेडच्या टिनचं माप लिटरमध्ये छापा की!

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

पुरवणीत घरगुती ब्रेडची रेसिपी येते तेव्हा मैदा, यीस्ट, मीठ सगळं ग्रॅममध्ये अगदी काटेकोर असतं, पण भांड्याची वेळ आली की नुसतं 'मध्यम लोफ टिन घ्या'. आता मध्यम म्हणजे नक्की केवढा हो? साडेआठ बाय साडेचार इंच आणि नऊ बाय पाच इंच, हे दोन्ही टिन दुकानात शेजारी शेजारी असतात, बघायला जवळपास सारखे, पण पहिल्यात साधारण दीड लिटरच्या आत मावतं आणि दुसऱ्यात दोन लिटरच्या आसपास. साडेतीनशे-चारशे ग्रॅम मैद्याचं पीठ मोठ्या टिनमध्ये टाकलं की ते आडवंच पसरतं, ब्रेड चपटा होतो आणि मग लोक बिचाऱ्या यीस्टला शिव्या देत बसतात.

खरं तर घरी माप काढणं काही अवघड नाही. टिन वजनकाट्यावर ठेवायचा, काटा शून्य करायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं, जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. दुमडलेल्या कोपऱ्यांच्या टिनमधून पाणी झिरपतं, तेव्हा आत आधी प्लास्टिकची पिशवी घालायची.

चौकोनी स्लाइससाठी झाकणवाला पुलमन टिन घेणाऱ्यांना तर हे माप पाहिजेच पाहिजे. पीठ कमी पडलं तर वरचे कोपरे गोल राहतात, जास्त झालं तर ब्रेड आतून गच्च होतो आणि झाकण सरकवताना घाम फुटतो. पीठ फुगून झाकणाच्या दोनेक सेंटिमीटर खाली आलं की झाकण लावायचं, पण मुळात टिन केवढा तेच माहीत नसेल तर हा हिशोब जमणार कसा?

बिडाच्या झाकणाच्या जड भांड्यांवर मात्र लिटर छापलेले असतात, म्हणजे अशक्य काहीच नाही. अर्धा किलो मैद्याच्या गोल ब्रेडला चार-पाच लिटरचं भांडं बरं पडतं, पहिली वीसेक मिनिटं झाकण ठेवलं की पिठाचीच वाफ आत कोंडते, वरचा भाग मऊ राहतो आणि ब्रेड मोकळा फुगतो, मग झाकण काढून रंग आणायचा. फक्त झाकणाची मूठ प्लास्टिकची नाही ना ते बघा, या ब्रेडला 230 अंशांच्या वर ओव्हन लागतो आणि तिथे प्लास्टिक टिकेलच असं नाही.

धातूबद्दल फार लिहीत नाही. फिकट अ‍ॅल्युमिनियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या स्टीलचा टिन रोजच्याला उत्तम, काळ्या टिनमध्ये कडा लवकर करपतात म्हणून ओव्हन 10-15 अंश कमी ठेवायचा, आणि सिलिकॉनमधून ब्रेड अलगद सुटतो खरा पण कडा पांढरटच राहतात, मला तरी तो केकपुरताच ठीक वाटतो.

तर विनंती एवढीच की रेसिपीत मैद्याच्या वजनाखाली टिनची लांबी-रुंदी-उंची आणि किती लिटरचा ते छापत चला. एका ओळीचंच काम आहे.

– पुरवणी आधी उघडणारी एक वाचक