सुध्या, बंपरला हुक लावू नकोस!

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

मांडवाचं सामान वाहायला ट्रेलर घेतलास, झकास. पण 'बोलेरोच्या मागच्या बंपरला हुक वेल्ड करून घेतो' हे वाचलं आणि चहा निवून गेला. अरे, बंपर धक्का खायला असतो, ओझं ओढायला नाही! हिच, म्हणजे ट्रेलर ओढायची जोडणी, गाडीखालच्या चॅसीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टनेच बसव.

आता माझी फजिती ऐक. गेल्या पावसाळ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतून जनरेटर आणत होतो. ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी पुढची वाटी, ५० मिलिमीटरचा. दुकानदाराने हिचवर बसवायचा बॉल, म्हणजे लोखंडी गोळा, दिला, 'चालशे, साहेब' म्हणाला, मीही मान डोलावली. स्पीडब्रेकरवर कपलर टुणकन उडाला. साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालून फुली करून गाडीला बांधल्या होत्या, त्या फुलीतच दांडा अडकला. नाहीतर रस्त्यात रुतून ट्रेलर उलटलाच असता. घरी येऊन व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला, तर बॉल ४७.६! म्हणजे पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा. अडीच मिलिमीटरसुद्धा फरक नाही, बघ. दोन इंची बॉलही नको, तो ५०.८ भरतो आणि ५० च्या कपलरमध्ये नीट बसत नाही.

गाडी, हिच, बॉल, कपलर यांच्यावर वजनाच्या मर्यादेचे आकडे वेगवेगळे असतात. त्यातला सगळ्यात लहान तोच तुझा. ट्रेलर सामानासकट धर्मकाट्यावर चढव. समजा ९०० किलो भरला, तर बॉलवर ९० ते १३५ किलो यायला हवं. गाडीला जोडल्यावर कपलर जेवढ्या उंचीवर राहील तेवढ्याच उंचीवर धरून, दांड्याखाली रद्दीवाल्याचा काटा ठेवून मोज. लोक हसतील, हसू देत.

हे वजन कमी पडलं की ट्रेलर शेपटासारखा डुलतो. झाबुआकडच्या लग्नाला जाताना माछलिया घाटाच्या उतारावर तुला ते नको आहे. जास्त झालं, तर बोलेरोचं नाक वर आणि स्टिअरिंग हलकं. लोखंडी नळ्या ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे रच, बहुतेक काम तिथेच होतं. मागच्या दिव्यांची वायर कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडून जोडून घे.

कपलरवर कोरलेला आकडा आणि ट्रेलर सपाट उभा असताना कपलरची जमिनीपासूनची उंची कळव. त्या मापाचा बॉल आणि माउंट (बॉल ज्यावर बसतो तो भाग) इथून घेऊन दिवाळीत येतो. हुकाचं काम तोवर थांबव.

वहिनींना नमस्कार. पोहे-जिलबी तुझ्याकडे लागू.

तुझा,
विन्या