मुलांचा तिळगूळ जेवणाच्या ताटात असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत तोंडावर आली. सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहताहेत, घराघरांत तीळ भाजल्याचा वास सुटलाय. आईबापांची, आजीआजोबांची काळजीही आताच सुरू होते, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आमच्या सहा वर्षांच्या नातवाची दाढ किडली. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं गोड एकदम बंद केलं. लाडवांचा स्टीलचा डबा कपाटावर, त्याचा हात पोचणार नाही असा ठेवला. तिसऱ्या दिवशी मी अंथरूण झटकायला घेतलं तर अभ्र्यातून तीळ सांडले आणि उशीखाली चिक्कीचे पाच कागद निघाले. पोरगं पाट्यावर स्टूल ठेवून डब्यापर्यंत पोचत होतं आणि रात्री पांघरुणात तोंड खुपसून खात होतं. पडला असता तर? त्याला रागावायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. चूक आमची होती. ताटात मिळालेला लाडू त्याने सगळ्यांसमोर, हसत खाल्ला असता.

दाताच्या डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. दातांच्या बाबतीत किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. गोड तोंडात गेलं की तिथले जंतू त्याचं आम्ल करतात. लाळ ते आम्ल शमवते, पण तिला वेळ लागतो. मूल दर अर्ध्या तासाला रेवडी चघळत असेल तर लाळेला ती उसंत मिळतच नाही. त्यात चिक्की, रेवडी दाताला चिकटून बसतात. रात्री झोपेत लाळही कमी सुटते, म्हणजे उशीखालची चिक्की सगळ्यात वाईट. तेव्हा गोड जेवणाबरोबर द्यावं, नंतर खळखळून चूळ भरायला लावावी आणि रात्री दात घासल्यावर काही देऊ नये.

‘साखर नको, गूळ चालतो’ असं आपण सर्रास म्हणतो. तिळात कॅल्शियम आहे, लोह आहे, तीळ मुलांना जरूर द्यावेत. पण दातांना आणि वजनाला गूळ हीसुद्धा साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. सहा वर्षांच्या मुलाला ५ टक्के म्हणजे जेमतेम चार चहाचे चमचे. आमच्या लाडवात निम्मा गूळ असतो, म्हणजे एका मध्यम लाडवातच तीन-साडेतीन चमचे संपतात. आणि तिळगूळ एका दिवसाचा थोडाच आहे? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, जिथे जाऊ तिथे मुलाच्या हातावर काहीतरी पडतंच.

माझी सगळ्या मावश्या-काकूंना हात जोडून विनंती आहे, लाडू पुडीत बांधून द्या. ‘खा रे, लगेच खा’ म्हणू नका. आई घरी नेऊन जेवताना देईल.

बोरन्हाणाचंही सांगते. पूर्वी लेकरांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे पडायचे. आता निम्म्याहून जास्त चॉकलेटं असतात. बोरं-घाटे परत आणा. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, कडक हलवा, बियांसकट बोरं देऊ नका, घशात अडकतात.

आपल्या सणातच तोल होता हो! ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात. आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-गाजर-पावटा-हरभऱ्याची लेकुरवाळी भाजी, लोण्याचा गोळा. मुलांनी हे पोटभर खाल्लं की लाडवावर तुटून पडत नाहीत. पण आपण भोगीच्या दिवशी त्यांना नूडल्स करून देतो आणि दुसऱ्या दिवशी लाडू मोजत बसतो. ‘भाजी संपव, मग लाडू देते’ हेही मी सोडलं. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, डबे उघडताना पाहिले. त्या आमिषाने मुलाला भाजी शिक्षा वाटते आणि लाडू बक्षीस. दोन्ही एकाच ताटात वाढावं, आधी काय खायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

यंदा आमच्याकडे डबा खाली, जेवणाच्या टेबलावर आहे. दुपारी ताटात एक लाडू, छोटा. गड्ड्यावर गेल्यावर एकच गोड पदार्थ, पण कुठला ते तो निवडणार. काल तो माझ्याबरोबर लाडू वळायला बसला. हाताला तूप लावून, बोराएवढे तेवीस वळले आणि परातीत ओळीने मांडले. एक तोंडात टाकला, बाकीचे स्वतः मोजून डब्यात भरले आणि झाकण लावलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर